अंधाऱ्या खोल्यांचा बातमीदार

बँकेतली माझी निम्मी नोकरी इन्स्पेक्शन या शब्दाच्या धाकात गेली. तपासणीचे पथक येणार अशी कुणकुण लागली की शाखेत आठ दिवस आधीपासून धावपळ सुरू व्हायची. गहाण मालाच्या गोदामात झाडलोट व्हायची, मागच्या रांगेतली चांगली पोती पुढच्या रांगेत यायची, अर्धवट राहिलेल्या वह्या रात्री जागून पुऱ्या केल्या जायच्या. पथक यायचे, चहापाणी व्हायचे आणि काही दिवसांनी शेऱ्यांनी भरलेला जाड अहवाल यायचा. प्रत्येक शेऱ्यापुढे पूर्तता केली असे लिहून आम्ही उत्तर पाठवायचो आणि आमची प्रत लोखंडी कपाटात ठेवून द्यायचो. ज्यांच्या पैशांसाठी हा सारा खटाटोप चालायचा, त्या ठेवीदारांना त्यातले अक्षरही कळत नसे. त्यात काही वावगे आहे असे मला तेव्हा वाटले नाही.

ते वाटले एका पावसाळ्याच्या तोंडावर, गिरगावातल्या मावशीच्या घरी. जुनी चाळ, गोठवलेले भाडे आणि डागडुजी उपकरातून व सरकारी पैशांतून होणारी. मी गेलो त्या दिवशी एक इंजिनिअर इमारत बघायला आला होता. त्याने मावशीच्या खोलीतल्या तुळईवर हातोडी ठोकून पाहिली, एका जागी सळई खुपसून पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिले. काय लिहिले, असे मावशीने विचारले. कचेरीतून कळवतील, असे सांगून तो जिना उतरला. कोणी काही कळवले नाही. पुढचे तीन पावसाळे मावशी त्याच तुळईखाली झोपली. चौथ्या वर्षी टेकू लागले तेव्हा समजले, की तुळई वाळवीने पोखरल्याचा शेरा पहिल्याच दिवशी पडला होता. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. पण शेरा लिहिणाऱ्याच्या वहीत आणि तुळईखाली झोपणाऱ्याच्या डोक्यात केवढे अंतर असते, हे मला त्या दिवशी कळले.

हे अंतर कमी करण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा एका माणसाची गोष्ट आज सांगायची आहे. त्याचे नाव जेकब रीस. जन्माने डेन्मार्कचा, कर्माने न्यूयॉर्कचा, धंद्याने पोलीस खात्याच्या बातम्या देणारा वार्ताहर. अमेरिकेत त्याच्या नावाने बाग आहे, समुद्रकिनारा आहे आणि सरकारी भाड्याच्या घरांची एक मोठी वसाहतही आहे. त्या वसाहतीची हकीकत शेवटी येईलच. आधी माणूस पाहू.

रीसचा जन्म 3 मे 1849 चा. गाव रीबे, डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे, जुन्या चर्चचे, दगडी रस्त्यांचे छोटेसे गाव. वडील शाळामास्तर, जोडीला स्थानिक वर्तमानपत्रात थोडे लेखन करणारे. घरात डझनावर मुले आणि पगार मास्तरकीचा. त्या गावात गटारावर उभे असलेले एक कळकट घर होते. गरिबांची कुटुंबे त्यात दाटीवाटीने राहत आणि त्यांच्यापेक्षा जास्त संख्येने उंदीर राहत. जेकब अकरा-बारा वर्षांचा असताना त्याला नाताळची भेट म्हणून एक मार्क मिळाला. खाऊ-खेळणी घ्यायची सोडून पोराने तो त्या घरातल्या सर्वांत गरीब कुटुंबाला नेऊन दिला. मात्र अट घातली, की या पैशातून घर झाडून काढायचे, सफेदी करायची आणि पोरांना धुऊन पुसून स्वच्छ ठेवायचे. दान देतानाही अट घालण्याची ही खोड त्याला जन्मभर राहिली. कधी ती शहाणपणाची ठरली, कधी आगाऊपणाची.

वडिलांना वाटे, मुलाने लेखन-वाचनाच्या वाटेने जावे. मुलाने कोपनहेगनला जाऊन सुतारकाम शिकायचे ठरवले. त्यातच तो गावातल्या कापड गिरणीच्या मालकाच्या घरातल्या एलिझाबेथच्या प्रेमात पडला. सुतार पोराला त्या घरातून नकार मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नकार मिळाला. 1870 साली, एकविसाव्या वर्षी, मित्रांनी जमवून दिलेले चाळीस डॉलर आणि एलिझाबेथच्या केसांची बट असलेले सोन्याचे लॉकेट घेऊन तो अमेरिकेला निघाला. न्यूयॉर्कला उतरल्यावर चाळिसातले निम्मे डॉलर त्याने एक भलेमोठे पिस्तूल घेण्यात घालवले. अमेरिकेत रस्तोरस्ती रानटी जनावरे आणि दरोडेखोर भेटतात अशी त्याची समजूत होती.

पुढची तीन वर्षे उपाशीपोटीची. सुतारकाम, खाणकाम, वीटभट्टी, शेतमजुरी, इस्त्र्या विकणे, जे मिळेल ते. काम नसले की दाराच्या आडोशाला झोपायचे. त्या काळी न्यूयॉर्कच्या पोलीस ठाण्यांत बेघरांसाठी रात्री टेकायची सोय असे. फळ्यांवर ओळीने माणसे, अंथरूण नाही, वास असा की वाऱ्यालाही आत यायची लाज वाटावी. एका पावसाळी रात्री रीस अशाच एका ठाण्यात गेला. त्याच्याबरोबर एक भटके कुत्रे लागले होते. त्या शहरात त्याचा तेवढाच सोबती. कुत्र्याला आत घेतले नाही. रात्री झोपेत कोणीतरी त्याच्या गळ्यातले लॉकेट चोरले. सकाळी तक्रार केली तर अधिकाऱ्याने त्यालाच चोर ठरवून हाकलले. बाहेर थांबलेले कुत्रे धन्याच्या बाजूने गुरगुरले, तेव्हा शिपायाने त्याला पायऱ्यांवर आपटून मारले. ही जखम रीसने पंचवीस वर्षे जपून ठेवली. तिचा हिशेब पुढे कसा चुकता झाला तेही सांगतो.

1873 नंतर त्याला वर्तमानपत्रांतून कामे मिळू लागली. ब्रुकलिनमधले एक पडके साप्ताहिक त्याने उधारीवर विकत घेतले, कष्टाने कर्ज फेडले, आणि 1876 च्या मार्च महिन्यात रीबेला जाऊन एलिझाबेथशी लग्न करून तिला घेऊन आला. मधल्या काळात तिचे दुसरीकडे ठरले होते आणि तो नियोजित वर वारला होता. कादंबरीकाराने असे कथानक रचले तर संपादक परत पाठवील. पण आयुष्याला संपादक नसतो.

1877 मध्ये तो न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा पोलीस वार्ताहर झाला. मलबेरी स्ट्रीटवर पोलिसांचे मुख्यालय, आणि समोरच वार्ताहरांच्या खोल्या. खून, आग, चोरी, दंगा, जे घडेल ते टिपायचे. आरोग्य खात्याशीही रोजचा संबंध. पहाटे दोन ते चारच्या दरम्यान काम संपवून घरी जाताना रीस चालत मलबेरी बेंडमधून जात असे. तो शहरातला सर्वांत बदनाम, सर्वांत दाट वस्तीचा भाग. तिथल्या इमारतींना टेनेमेंट म्हणत. टेनेमेंट म्हणजे आपली चाळच म्हणा, पण मोकळी गॅलरी नसलेली. पाच-सहा मजले, पुढच्या-मागच्या दोन खोल्यांना काय तो उजेड, मधल्या खोल्या अंधारकोठड्या. रीसने दिलेल्या हिशेबाप्रमाणे शहरातली तीन-चतुर्थांश माणसे अशा घरांत राहत होती.

आता एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या घरांबद्दल कायदा नव्हता असे नाही. 1867 साली पहिला टेनेमेंट कायदा झाला होता, 1879 साली दुसरा. दुसऱ्या कायद्याने खोल्यांना हवा मिळावी म्हणून दोन इमारतींच्या मध्ये बोळ सोडायला लावला. बिल्डरांनी तो अवघा अठ्ठावीस इंच रुंदीचा सोडला. त्यातून हवा आली नाही, रहिवाशांनी टाकलेला कचरा मात्र साठला, आणि आग लागली की ज्वाळा धुराड्यातून चढाव्यात तशा त्यातून वर चढत. तपासणी होत नव्हती असेही नाही. आरोग्य खात्याचे पोलीस मध्यरात्री धाडी घालून एका खोलीत किती माणसे झोपतात ते मोजत. रीस त्यांच्याबरोबर जाई. चार-पाच जणांच्या खोलीत डझनभर, कधी त्याहून जास्त माणसे सापडत. त्याची नोंद होई, अहवाल लिहिला जाई, दुसऱ्या दिवशी तो आरोग्य मंडळापुढे ठेवला जाई. मंडळाचे सदस्य तो वाचत, मान डोलावत आणि पुढच्या विषयाकडे वळत. रीसने बातमीत लिहिले तरी वाचक चहाबरोबर ती गिळून टाकीत. शब्द सगळे खरे होते, पण त्यांनी कोणाची झोप उडत नव्हती. बँकेतल्या पूर्तता केली या दोन शब्दांची मला इथे हटकून आठवण येते.

1887 साली एके दिवशी नाश्त्याच्या वेळी वर्तमानपत्रातल्या चार ओळींवर त्याची नजर गेली. जर्मनीत कोणीतरी मॅग्नेशियमची पूड पेटवून अंधारात छायाचित्र घेण्याची युक्ती काढली होती. रीस उठलाच. जी खोली मंडळाला शब्दांत दिसत नाही ती आता काचेवर उतरवता येणार होती. आरोग्य खात्यात जन्ममृत्यूच्या नोंदी सांभाळणारे त्याचे मित्र डॉ. जॉन नेगल यांना हौशी छायाचित्रणाचा नाद होता. त्यांना आणि आणखी दोघा हौशी मंडळींना घेऊन रीस मध्यरात्री निघू लागला. सोबत एखादा पोलीसही असे. सुरुवातीला पूड पिस्तुलातून उडवावी लागे. हातात पिस्तूल घेतलेली चार माणसे अंधारातून खोलीत घुसली की बिचारे रहिवासी खिडक्यांतून पळत सुटत. मग पिस्तूल सोडून तळणीत पूड पेटवायची पद्धत आली. थोड्याच दिवसांत हौशी मंडळींची रात्री जागायची हौस फिटली. पगारी छायाचित्रकार ठेवला, त्याने लबाडी केली. शेवटी 1888 च्या जानेवारीत रीसने पंचवीस डॉलर खर्चून स्वतःच कॅमेरा घेतला.

या कामात त्याने गोंधळही भरपूर घातले. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या माळ्यावर छायाचित्र घेताना पुडीने भिंतीवरच्या चिंध्या पेटल्या. खोलीतली पाचही माणसे आंधळी, जिने मोडके, आणि आग लागली आहे हे ठाऊक असणारा माणूस एकटा हाच. त्याने जीव मुठीत धरून ती विझवली. खाली पोलीस भेटला तर तो हसत सुटला. त्याच्या मते त्या घराच्या भिंतींवर इतका मळ साचलेला होता, की ते घर पेटूच शकत नव्हते.

पण जे हवे होते ते मिळाले. अहवाल पुन्हा आरोग्य मंडळापुढे गेला तेव्हा त्याच्या जोडीला काचेच्या ओल्या निगेटिव्ह होत्या. ज्या कागदाने इतके दिवस कोणी हलले नव्हते, तोच कागद आता टाळता येईना. बेयर्ड स्ट्रीटवरचे त्याचे एक छायाचित्र जगभर पोचले आहे. लांबी-रुंदी तेरा फूटही नसलेल्या खोलीत बारा स्त्री-पुरुष. काही फळ्यांवर, बाकीचे जमिनीवर. माणशी पाच सेंट देऊन एका रात्रीची जागा. फ्लॅशच्या झगझगाटाने नुकतेच जागे झालेले, डोळे किलकिले केलेले ते चेहरे पाहताना आजही आपण चोरून कोणाच्या घरात डोकावल्यासारखे वाटते.

1888 पासून तो चर्चमधून, सभागृहांतून मॅजिक लँटर्नवर ही चित्रे दाखवत फिरू लागला. आपण ज्या शहरात राहतो त्याच शहरातली ही घरे आहेत, हे पाहून सुखवस्तू कुटुंबांतली माणसे अस्वस्थ होत. 1890 च्या नोव्हेंबरात त्याचे हाउ द अदर हाफ लिव्हज हे पुस्तक आले. त्यात चित्रे होती तसे आकडेही होते, आणि ते आकडे आरोग्य खात्यातल्याच डॉ. रॉजर ट्रेसी यांच्या मदतीने नोंदवहीतून काढलेले. म्हणजे सरकारकडे जे आधीपासून होते तेच रीसने लोकांपुढे मांडले. त्याचे सारे कर्तृत्व मला यातच दिसते. त्याने नवे काही शोधून काढले नाही. कपाटातले बाहेर काढले.

याचा सर्वांत चांगला दाखला घरांचा नाही, पाण्याचा आहे. 1891 च्या उन्हाळ्यात आरोग्य खात्याने वर्तमानपत्रांना पाठवलेल्या आठवड्याच्या पत्रकात शहराच्या क्रोटन पाण्याच्या रासायनिक तपासणीची एक ओळ होती. पाण्यात नायट्राइटचा लवलेश आढळतो, एवढाच तिचा अर्थ. ते पत्रक सगळ्याच वार्ताहरांकडे गेले आणि सगळ्यांनीच बाजूला ठेवले. रीसने त्याचा अर्थ विचारला. उडवाउडवीची उत्तरे मिळाली तेव्हा त्याचा संशय बळावला. शेवटी कळले, की याचा अर्थ पाण्यात कुठेतरी सांडपाणी मिसळते आहे. कॅमेरा घेऊन तो पाणलोट क्षेत्रात गेला, आठवडाभर ओढ्याओढ्याने फिरला आणि वीस लाख माणसे पितात त्या पाण्यात गावेच्या गावे आपली घाण कशी सोडतात त्याची छायाचित्रे घेऊन आला. 21 ऑगस्टला इव्हनिंग सनमध्ये ती हकीकत छापून आली. खळबळ उडाली, चौकशी झाली, रीसचे म्हणणे खरे ठरले, आणि पुढे शहराला पाणलोटाभोवतीची जमीन विकत घेऊन ती मोकळी ठेवावी लागली.

या प्रसंगात आपण सगळे श्रेय रीसला देतो. मला त्या अनाम रसायनतज्ज्ञाचेही कौतुक वाटते. त्याने शेरा लिहिला, आणि त्याच्या खात्याने तो दर आठवड्याला छापायचा रिवाज पाळला. शंभर वाचकांतल्या नव्व्याण्णवांनी दुर्लक्ष केले तरी चालते. विचारणारा एक पुरतो. पण त्या एकाला विचारता यावे म्हणून ओळ आधी छापलेली असावी लागते.

पुस्तक वाचून एके दिवशी एक तरुण राजकारणी रीसच्या कचेरीत आला. रीस नव्हता, म्हणून मदतीला आल्याचा निरोप कार्डावर लिहून तो निघून गेला. ते थिओडोर रूझवेल्ट. 1895 मध्ये ते न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष झाले आणि रात्री-बेरात्री रीसला बरोबर घेऊन शहर पायाखाली घालू लागले. अशाच एका रात्री रीसने त्यांना ते जुने पोलीस ठाणे दाखवले आणि पायऱ्यांवर मेलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. 1896 च्या फेब्रुवारीत पोलीस ठाण्यांतली ती झोपण्याची कोठारे बंद झाली. मलबेरी बेंडही पाडले गेले, आणि 1897 मध्ये तिथे बाग झाली.

1900 साली लॉरेन्स व्हेलर या तरुण, शिस्तशीर कार्यकर्त्याने न्यूयॉर्कमध्ये चाळींचे एक प्रदर्शन भरवले. त्यात पुठ्ठ्याची एक प्रतिकृती होती. प्रत्यक्षातल्याच एका चौकाची, एकोणचाळीस चाळींची. त्यांत 2,781 माणसे राहत होती, 264 संडास होते, आणि न्हाणीघर एकही नव्हते. नकाशांवर क्षयरोगाच्या रुग्णांसाठी ठिपके होते. कोणत्या घरात किती, ते दुरूनही मोजता येई. दहा हजारांवर माणसे ते पाहून गेली. रीस आणि तेव्हा राज्याचे गव्हर्नर असलेले रूझवेल्ट दोघेही त्यामागे उभे राहिले. चौकशी आयोग नेमला गेला आणि 1901 मध्ये नवा कायदा झाला. प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी, प्रत्येक बिऱ्हाडाला संडास, आगीतून सुटायला जिने, आणि या सगळ्यावर देखरेख करणारे स्वतंत्र खाते.

त्या कायद्यातले एक छोटेसे कलम मला फार मोलाचे वाटते. प्रत्येक चाळीच्या मालकाने आपले नाव-पत्ता आणि मिळकतीचे वर्णन खात्याकडे नोंदवायचे; त्या नोंदींची सूची करायची; आणि कचेरीच्या वेळात कोणालाही ती पाहता आली पाहिजे. तोवर घर कोणाचे हे भाडेकरूला ठाऊक नसायचे. त्याला फक्त भाडे वसूल करणारा माहीत. जिना मोडला तर दाद कोणाकडे मागायची? आता एखादी मोलकरीण, एखादा हमाल, कचेरीत जाऊन आपल्या छपराचा धनी कोण ते पाहू शकत होता. बँकेच्या व्यवहारातला माणूस म्हणून सांगतो, कर्ज कोणाच्या नावावर आहे हे एकदा उघड झाले की वसुलीचे अर्धे काम होते.

रीसचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याच्या पुस्तकात इटालियन, ज्यू, चिनी आणि काळ्या माणसांबद्दल अशी सरसकट विधाने आहेत की आज वाचताना मान खाली जाते. ज्यांची छायाचित्रे घेतली त्यांची परवानगी बहुतेक वेळा त्याने घेतली नाही. मालकांची बंद कपाटे उघडताना त्याने गरिबांची दारेही न विचारता उघडली. सरकारने स्वतः घरे बांधून स्वस्त भाड्याने द्यावीत असेही त्याचे मत नव्हते. थोड्या नफ्यावर समाधान मानणारा सज्जन मालक यावर त्याचा भरवसा होता. तो भरवसा पुरा पडला नाही. सज्जन मालक थोडे निघाले आणि गरजू भाडेकरू लाखो.

एलिझाबेथ 1905 मध्ये गेली. दोन वर्षांनी त्याने पुन्हा लग्न केले आणि मॅसॅच्युसेट्समध्ये बॅरे गावी शेत घेतले. व्याख्यानांच्या दगदगीने हृदय थकले होते. 26 मे 1914 ला तिथेच त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे थडग्यावर नाव नसलेला एक दगड आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची नावे नोंदवहीत आणायला झटलेल्या माणसाचे हे थडगे! त्याच्या काचेच्या निगेटिव्हही विस्मरणात गेल्या. तीसेक वर्षांनी एका छायाचित्रकाराच्या चिकाटीमुळे त्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडल्या आणि 1947 मध्ये शहराच्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले.

मधल्या काळात जग बदलले होते. 1934 मध्ये न्यूयॉर्क शहराचे गृहनिर्माण प्राधिकरण स्थापन झाले आणि सरकारी पैशातून बांधलेली कमी भाड्याची घरे उभी राहू लागली. 1949 मध्ये ईस्ट नदीच्या काठी अशी एक वसाहत पुरी झाली. तिला नाव दिले जेकब रीस हाउसेस. उजेड, हवा, नळ, न्हाणीघर. जे रीसला हवे होते ते सगळे. आणि मालक कोण याचा शोध घ्यायची गरज नाही, कारण मालक सरकारच.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते. पण पुढे या प्राधिकरणाची घरे जुनी झाली, पैसा आटला, गळती सुरू झाली. जुन्या रंगात शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक, म्हणून केंद्राचे अनुदान घेणाऱ्या घरांत रंगाची तपासणी सक्तीची आहे. 2017 मध्ये उघड झाले, की प्राधिकरणाने काही वर्षे ही तपासणी केलीच नव्हती आणि केल्याचे दाखले मात्र केंद्राला दिले होते. 2018 मध्ये केंद्र सरकारच्या वकिलांनी कोर्टात तक्रार दाखल केली. तिच्यात आणखी एक तपशील होता. केंद्राचे तपासनीस यायच्या आधी काही इमारतींचा पाणीपुरवठाच बंद करीत, म्हणजे तेवढा वेळ गळती दिसत नसे. हे वाचताना मला आमच्या गोदामातली पुढच्या रांगेतली पोती दिसली. 2019 मध्ये प्राधिकरणावर बाहेरचा देखरेख-अधिकारी नेमावा लागला आणि त्याचे अहवाल जनतेसाठी खुले ठेवले गेले.

त्यानंतर तीन वर्षांनी, 2022 च्या ऑगस्टमध्ये, खुद्द जेकब रीस हाउसेसमध्ये नळाला गढूळ पाणी येऊ लागले. रहिवाशांनी तक्रारी केल्या. पाण्याचे नमुने तपासले गेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री त्यांना सांगण्यात आले, की पाण्यात आर्सेनिक सापडले आहे, ते पिऊ नका. अडीच हजारांहून अधिक माणसे बाटलीबंद पाण्यासाठी रांगेत उभी राहिली. तपासणीचा निकाल अधिकाऱ्यांच्या हाती आधीच आला होता आणि रहिवाशांना तो वेळेवर कळवला नाही, अशा बातम्या आल्या. आठवड्याभराने प्रयोगशाळेने सांगितले, की चूक आमचीच, पाण्यात आर्सेनिक नाही. पाणी शुद्ध ठरले. पण अनेक रहिवाशांनी त्यावर विश्वास ठेवायचे नाकारले. आधीचा निकाल ज्यांनी दडवला त्यांच्या नव्या निकालावर विसंबून मुलाच्या हातात पेला कोण देईल? त्याच महिन्यात प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी ते पद सोडले.

योगायोग पाहा. 1891 मध्ये पाण्यातल्या लवलेशाची ओळ छापून आली होती, म्हणून रीस नावाच्या वार्ताहराला तिचा माग काढता आला. एकशे एकतीस वर्षांनी त्याच्याच नावाच्या वसाहतीत पाण्याचा निकाल त्या पाण्यावर जगणाऱ्यांना सर्वांत शेवटी कळला. दडवलेला शेरा खोटा निघाला तरी नुकसान करतो, हे यातून दिसते. कारण पुढे खरा शेराही कोणी खरा मानत नाही.

अशा वेळी अधिकाऱ्यांची बाजू मी समजू शकतो, कारण मी त्या खुर्चीत बसलो आहे. शेरे उघड केले तर घबराट होईल, ही भीती. बँकेत तिला थोडाफार अर्थही आहे. एका अफवेने ठेवीदारांची रांग लागते आणि धडधाकट बँक आडवी होते. पण घराचे तसे नाही. ठेवीदार पैसे काढून दुसरीकडे जाऊ शकतो. स्वस्त भाड्याच्या सरकारी घरातला माणूस कुठे जाणार? त्याला दुसरे घर परवडत नाही म्हणूनच तर तो तिथे आहे. निघून जाण्याचा मार्ग ज्याला नाही, त्याला निदान आपल्या डोक्यावरचे काय ते कळण्याचा हक्क हवा. आणि घर सरकारी पैशावर उभे असेल तर तो शेराही सगळ्यांच्याच पैशाने लिहिलेला असतो.

न्यूयॉर्कमध्ये आता खाजगी भाड्याच्या इमारतींवरचे तपासणीचे शेरे घरबसल्या कोणालाही पाहता येतात. केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या घरांना तपासणीत किती गुण मिळाले तेही जाहीर होते. आपल्याकडे मुंबईत दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर होते, वर्तमानपत्रांत नावा-पत्त्यानिशी छापून येते. मी ती यादी दरवर्षी शेवटपर्यंत वाचतो. पण यादीत येते ती शेवटच्या घटका मोजणारी इमारत. जी अजून यादीत आलेली नाही, जिची तुळई नुकतीच पोखरू लागली आहे, तिच्याबद्दल इंजिनिअरने वहीत काय लिहिले ते खालच्या जिन्यापाशी, पाण्याच्या मीटरशेजारी, एका साध्या कागदावर मराठीत लावता येणार नाही का? तारीख, काय पाहिले, काय आढळले, काय करणार आणि कधी. चार ओळी. त्याला ना मोठा खर्च लागतो ना नवा कायदा.

मावशी आता नाही. चाळ आहे, टेकूही आहेत. मागे गेलो होतो तेव्हा तिच्या खोलीत नवे बिऱ्हाड आले होते. त्यांच्या धाकट्या मुलीने माझ्याकडे पाहून विचारले, की हे लाकडी खांब घरात कशासाठी आहेत. मी वर तुळईकडे पाहिले. तिच्या आईला तरी कोणी काही सांगितले होते का, कोण जाणे.